जांगडचा घोडेस्वार

त्या व्यवहारात दिनानाथ पुंड्यांना मिळणार होतं एक जहाज. चांदीचं, पाच मार्कचं, ब्रेमरहाफेन बंदराला शंभर वर्षं झाली म्हणून १९२७ साली जर्मनांनी पाडलेलं नाणं. रुपयांत विचाराल तर फायदा शून्य. फोर्टातल्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडून, धर्मराज वाण्यांकडून, साडेचार हजारांचं एक नाणं आणायचं, तळोज्याच्या कारखान्यात मशीन बसवायला येणाऱ्या जर्मन इंजिनिअरला द्यायचं, त्याने साडेचार हजार मोजायचे आणि वर स्वतःकडे दोन होती त्यातलं एक जहाज पुंड्यांच्या तळहातावर ठेवायचं. झालं. आणि काही बिनसलं तर? तर पाच महिन्यांचा पगार. पुंडे त्याच कारखान्यात स्टोअरकीपर, दोन वॉशर कमी भरले तर सप्लायरला उन्हात उभं करणारा माणूस. पण छंदात जमेची बाजू लांबून दिसते आणि खर्चाच्या बाजूला चष्मा लागतो.

पहिलं नाणं त्यांना फुकट मिळालं होतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी हाच इंजिनिअर पहिल्यांदा आला, त्याचा हरवलेला एक सुटा भाग पुंड्यांनी स्टोअरमधून शोधून दिला, आणि खूश होऊन त्याने खिशातून फुग्यासारख्या झेपेलिन विमानाचं चांदीचं नाणं काढून दिलं. तिथून लागण झाली. जर्मनांची एक सवय असते, काही झालं की चांदी पाडायची. राजाचं लग्न झालं, पाड नाणं. राजा मेला, पाड नाणं. विद्यापीठाची शंभरी, कवीची पुण्यतिथी, कुठल्या गावाचा वाढदिवस. आपण पेढे वाटतो, ते नाणी पाडत. पुंड्यांनी अशी तीसेक जमवली होती. त्यातल्या एकासाठी फ्रीजला साठवलेले पैसे गेले, तेव्हा सरोजिनीबाईंनी नवऱ्याला देवासमोर उभं करून कबूल करून घेतलं होतं की यापुढे एकही नाही. त्यामुळे घोडेस्वार घरात आला तो चोरून.

घोडेस्वार म्हणजे ते साडेचार हजारांचं नाणं. मान्सफेल्ड नावाचा मुलूख प्रशियाच्या राज्यात येऊन शंभर वर्षं झाली म्हणून १९१५ साली काढलेलं, तीन मार्कचं. त्यावर घोड्यावर बसलेला एक वीर खाली लोळणाऱ्या राक्षसी जनावराला भाल्याने भोसकतोय. ख्रिस्ती लोकांचा तो संत. नाण्यावर सदुसष्ट वर्षांची काळपट निळी झाक चढलेली. ती झाक हीच निम्मी किंमत. अशा नाण्याला कडेने धरायचं, पुसायचं नाही, धुवायचं तर नाहीच. हे सगळं पुंड्यांना पाठ होतं. घरात ते कधी बोलले नव्हते, कारण देवासमोरच्या कबुलीनंतर नाण्यांचं नाव काढायची सोय नव्हती, आणि बाईंनी तर ती नाणी कधी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती.

नाणं त्यांनी विकत घेतलं नव्हतं, जांगडवर आणलं होतं. जांगड म्हणजे बाजारातला शब्दाचा व्यवहार: माल घेऊन जा, गिऱ्हाईक झालं तर पैसे आणा, नाही तर माल आणा. पावती नाही, सही नाही. धर्मराजशेठ अगदी हळू बोलत, समोरच्याला पुढे वाकावं लागे.

"न्या की," ते म्हणाले होते. "पंधरवड्याने पैसे द्या नाही तर नाणं द्या. जसं नेलं तसं."

एवढंच. धमकी नाही, काही नाही. पण दुकानाच्या दाराशी स्टुलावर गोटीराम बसलेला असे. गोटीराम हा शेठचा वसुलीचा माणूस. त्याने कधी कुणावर हात उचलल्याचं ऐकिवात नव्हतं. दादरच्या एका डॉक्टरने जांगडचा माल महिनाभर अडकवला, तर गोटीराम त्याच्या दवाखान्यात पेशंटांच्या बाकावर जाऊन बसायला लागला. सकाळी यायचा, पाणी मागायचा, दिवसभर बसायचा, जाताना नमस्कार करायचा. पेशंट कमी झाले. मग डॉक्टरची स्कूटर विकली गेली. ही गोष्ट पुंड्यांना खुद्द गोटीरामनेच सांगितली होती, चहा पिता पिता.

तेव्हा सीबीडी बेलापूर नुसतंच उभं राहिलेलं. बिल्डिंगी झाल्या होत्या, माणसं व्हायची होती. आमच्या मजल्यावर चार ब्लॉक, त्यातला एक पुंड्यांचा, एक रिकामा. खाडीकडून वारा सुटला की त्या रिकाम्या ब्लॉकचं दार आपटायचं आणि पुंडे जेवता जेवता हात थांबवायचे. नाणं घरात आल्यापासून तर त्यांना जिन्यातलं प्रत्येक पाऊल आपल्याच दाराशी येतंय असं वाटे. शेजारच्या बिल्डिंगीत महिन्यापूर्वी कडीकोयंडा उचकटून चोरी झाली होती, कपाटं उलथी केली होती, देवांना मात्र हात लावला नव्हता. पुंड्यांनी यातून धडा घेतला. घरात पूजा तेच करत. देवघराखालचा खण, ज्यात कापूर, जानवी आणि सुपाऱ्या असत, तो त्यांचाच. नाणं कापसात गुंडाळून त्यांनी तिथे ठेवलं.

पण तो मार्गशीर्ष होता.

पुंड्यांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. गावच्या वाटण्यांत थोरल्या भावाने देवांचे चांदीचे टाक ठेवून घेतले आणि धाकट्याला सांगितलं, तुला पुढे करून देऊ. अकरा वर्षं झाली. दर मार्गशीर्षात सहा दिवस या घरात खंडोबा म्हणून सुपारी बसे आणि सरोजिनीबाई पूजेला हात जोडता जोडता दिराचा उद्धार करत. त्या वर्षी सुपारी काढायला त्यांनी खण उघडला आणि कापसातून घोडेस्वार निघाला.

त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. नवऱ्याने गुपचूप टाक करवून आणला, चंपाषष्ठीला आपल्याला चकित करायचा बेत दिसतो, एवढं कळायला त्यांना काही वेळ लागला नाही. भांडी घासायला येणारी सखू तेव्हा ओटा पुसत होती. जवळच्या दिवाळे गावची कोळीण, नवरा मागेच गेलेला, मुलगा किसन मासेमारीच्या बोटीवर. ती हात पुसत जवळ आली.

"यो कोन, बाई? घोऱ्यावर बसलाय."

"खंडोबा. दुसरं कोण असणार?"

"ना खाली परलाय तो? मगर हाय का?"

"मगर कसली. मणी दैत्य. नाही तर मल्ल."

"शेपूट हाय त्याला."

"दैत्याला असतं शेपूट."

सखूने मान डोलावली. मग टाक उलटा झाला आणि मागून मिशा वर वळवलेला जर्मन बादशहा दिसला.

"ना यो मिशीवाला?"

"टाक करणाऱ्या सोनाराचा मालक असेल," सरोजिनीबाई म्हणाल्या. "हल्ली लोक कुठेही आपलं तोंड छापून घेतात. पण काळवंडलाय बघ केवढा. ह्यांना देव आणायचं सुचलं, उजळायचं सुचलं नाही."

चंपाषष्ठीच्या आधी टाक सोनाराकडून उजळून आणायची रीतच आहे. पनवेलला असं काम करणारा सोनार त्यांना ठाऊक होता. नवरा आपल्याला चकित करणार, तर आपणही त्याला करू, असा त्यांनी बेत केला. अडचण एकच, सखूच्या तोंडात तीळ भिजत नसे. तेव्हा सरोजिनीबाईंनी हसत हसत तिच्या ओल्या तळव्यावर बेलाचं पान ठेवलं, वर चिमूटभर भंडारा टाकला.

"उचल बेलभंडारा. साहेबांना सांगणार नाहीस म्हणून."

सखू हसली नाही. तिने हात कपाळापाशी नेला, डोळे मिटले आणि सांगितलं, "नाय सांगनार." आणि तळव्यावरचा भंडारा कपाळाला लावून घेऊन ती उरलेला ओटा पुसायला लागली.

गुरुवारी टाक पनवेलला गेला. सोनार म्हणाला, शनिवारी न्या.

शुक्रवारी संध्याकाळी पुंडे कंपनीच्या बसने तळोज्याहून आले, हातपाय धुतले, दिवा लावला आणि सवयीने खण उघडला. कापूस होता. त्यांनी कापूस दाबून पाहिला. मग पिंजून पाहिला. सुपाऱ्या बाहेर, जानवी बाहेर, खणाला अंथरलेला कागदही बाहेर. 

"काही शोधताय का?" आतून सरोजिनीबाईंचा आवाज आला. आवाजात दाबलेलं हसू होतं, पण पुंड्यांना त्या वेळी जगात कुठे हसू असेल असं वाटत नव्हतं.

"काडेपेटी."

"ती तुमच्या हातात आहे."

बाई ओट्याशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. नवरा बिचारा आपलं गुपित जागेवर आहे का बघायला गेला होता. उद्या कसा चेहरा होईल! आणि बाहेर नवरा देवघरासमोर मांडी घालून बसला होता आणि गोटीराम आपल्याकडे कुठे बसेल याचा विचार करत होता. खुर्चीवर, की दाराजवळच्या मोड्यावर.

तो खुर्चीवर बसला. शनिवारी पुंड्यांनी रजा टाकली, सरोजिनीबाई "पूजेचं सामान आणते" म्हणून पनवेलच्या एसटीला गेल्या, आणि त्यांचं पाऊल जिन्यातून उतरतंय तोच गोटीरामचं चढलं.

"शेठ म्हणाले, उरणला जातोच आहेस तर वाटेत पुंडेसाहेबांकडे बघून ये."

"माझ्याकडे काय बघायचंय?"

"तब्येत." गोटीरामने घर पाहून घेतलं. पंखा, रेडिओ, सरोजिनीबाईंचं शिवणाचं मशीन. प्रत्येक वस्तूवर त्याची नजर थोडा वेळ बसत होती. "पाणी मिळेल?"

पुंड्यांनी पाणी दिलं. 

"माल जरा डोळ्यांखालून घालायला सांगितलाय. म्हणजे, दाखवायचा असला तर."

"लॉकरमध्ये ठेवलाय."

"बेस केलंत. बेलापुरात लॉकरवाली बँक झाली का?"

"पनवेलला."

"हां, पनवेलला." गोटीरामने पेला जमिनीवर उपडा ठेवला. "मग सोमवारी येतो. सोमवारी बँक उघडी असते."

तो गेल्यावर तास-दीड तासाने सखू आली. पुंडे देवघराच्या दारात उभे होते, दाढी न केलेले.

"सखूबाई, या खणाला कुणी हात लावला?"

सखूच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. पुंड्यांनी ते पाहिलं.

"बाईंना येऊ द्या, सायेब."

"बाईंचा काय संबंध? मी तुला विचारतोय. यात एक वस्तू होती."

"बाई आल्या का त्यांना इचारा."

"म्हणजे तुला माहीत आहे वस्तू कुठली ते."

सखूने देवघराकडे पाहिलं.

"कुणाला दिलीस? विकलीस? हे बघ, मी पोलिसात जाणार नाही. फक्त परत आण. पैसे देतो मी तुला."

"माज्या तोंडातून नाय यायचं, सायेब," ती म्हणाली आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

भेदरलेल्या माणसाला गप्प उभा असलेला माणूस चोरच दिसतो. पोलिसांत जायची सोय खरंच नव्हती. कुठलं नाणं, कुणाचं, पावती कुठे, असे प्रश्न आले असते आणि उत्तरं संध्याकाळपर्यंत फोर्टात पोचली असती. म्हणून पुंडे वरच्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले. सुधीर मोघे हे आमचे सेक्रेटरी. सोसायटी नवी, अजून एकही भानगड नाही, त्यामुळे त्यांचा उत्साह तसाच शिल्लक होता.

जिन्यातच सखूची पिशवी उलटी केली. मशेरीची डबी, साबणाची वडी, कुठल्याशा घरातून मिळालेलं शिळं पुरण, किल्ली. मोघे म्हणाले, कमरेचा बटवाही बघायला हवा. सखूने तो स्वतःच सोडला, उलटा करून झटकला. मजल्यावरची सगळी दारं अर्धी अर्धी उघडी होती. लोकांना दूध उतू जाण्याची आठवण नेमकी त्या वेळी कुणालाच झाली नाही.

"काही निघालं नाही," पुंडे म्हणाले.

"निघेल कसं? ठेवलं असेल कुठेतरी," मोघे म्हणाले. "सखू, उद्यापासून बिल्डिंगीत यायचं नाही. कुठल्याच घरी."

"तपासलं ना?" सखूने सामान पिशवीत भरलं. "मंग जाऊ मी?"

आमच्या बिल्डिंगीत तिची पाच घरं होती.

तीन वाजता सरोजिनीबाई आल्या. घाम पुसायलाही थांबल्या नाहीत. देवघरासमोर लाल कापड पसरलं आणि त्यावर डबी उघडली.

"बघा. तुम्ही आणलात, मी उजळलाय."

पुंड्यांनी पाहिलं. सापडलं. घरातच होतं. चोरी नाही, गोटीराम नाही, शिवणाचं मशीन जागेवर. ते हायसं वाटणं फार टिकलं नाही, कारण त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं. घोडेस्वार नव्या स्टीलच्या चमच्यासारखा पांढरा झाला होता. निळी झाक गेली होती. जनावराच्या अंगावरचे खवले ब्रशाखाली सपाट झाले होते, वीराला नाक उरलं नव्हतं.

"कडेवर खरखरीत अक्षरं होती," बाई सांगत होत्या. "न्हाऊ घालताना बोटाला लागली असती. ती कानशीने घासून दिली त्याने. सगळ्याचे मिळून बारा रुपये."

"बारा," पुंडे म्हणाले.

"जास्त झाले का? आणि सखूला बोलवा, तिला दाखवते. कधी नव्हे ते तिने तोंड मिटून ठेवलं. मी तिला बेलभंडाराच उचलायला लावला होता, साहेबांना सांगणार नाहीस म्हणून." त्या हसल्या, आणि मग नवऱ्याकडे पाहून हसणं थांबलं. "काय झालं?"

पुंड्यांनी सांगितलं. आधी नाण्याचं सांगितलं, मग सखूचं. बाईंनी नाण्याचं ऐकलं तेव्हा त्या रागावल्या. सखूचं ऐकलं तेव्हा त्यांचा हात भंडाऱ्याच्या वाटीवरून मागे आला, चटका बसल्यासारखा.

सोमवारची वाट पुंड्यांनी पाहिली नाही. रविवारी दुकान बंद, तरी ते धर्मराजशेठच्या घरी जाऊन उभे राहिले. शेठनी भिंग काढलं आणि नाणं पाहून न वापरताच खाली ठेवलं.

"कुणी केलं?"

"घरच्यांनी."

"काय समजून?"

"खंडोबा."

शेठ हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत.

"मग आता तो खंडोबाच. ठेवून घ्या घरात. चाळीस रुपयांची चांदी आहे."

"शेठ, थोडी मुदत दिलीत तर..."

"जांगड म्हणजे काय, पुंडेसाहेब?"

"जसं नेलं तसं."

"मी काही बोललो का?" शेठ आणखी हळू बोलायला लागले, पुंड्यांना आणखी वाकावं लागलं. "तुमच्याकडे बाकीचा माल असेलच. गोटीराम येऊन बघेल. शिवणाचं मशीन वगैरे मला नको."

मशीनचं पुंडे शेठशी कधी बोलले नव्हते.

गोटीराम आला, पाणी प्यायला, पलंगावर पसरलेल्या नाण्यांतून शेठनी सांगितलेली अकरा वेचली. भाव शेठचा. शेवटी झेपेलिनवर त्याचं बोट थांबलं.

"हे पहिलं होतं," पुंडे म्हणाले. विनंती अशी नाही, सांगितलं आपलं.

"मग याची किंमत जास्त असेल," गोटीराम म्हणाला आणि ते त्याने बारावं म्हणून उचललं.

चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाई दिवाळ्याला गेल्या. सखू सुकत घातलेले बोंबील उलटत होती. बाईंनी हात जोडले तेव्हा ती संकोचून उभी राहिली.

"अगं, तो खेळ होता माझा. तू साहेबांना सांगायला हवं होतंस."

"तुमचा खेल होता, बाई. मी भंडारा उचलला होता. किसन बोटीवर, शनवारी समिंदरातच. मी तोंड उघरला असता ना तिकरे काय झाला असता, तं कोनाला इचारायला जाऊ?"

"तू परत ये. मी सगळ्यांना सांगते तू चोर नव्हतीस."

"त्यांना म्हाईत हाय. पिशवीत काय नव्हता, बटव्यात काय नव्हता. तरी काढलीच ना?" तिने पुढचा बोंबील उलटला. "आता कुनाचा चमचा हारपला तरी पयली माजीच पिशवी उलटतील. नको."

बाईंनी तरी मोघ्यांना गाठलं. मोघ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वहिनी, एकदा काढलं ते काढलं. परत घेतलं तर सोसायटी चुकली असं होतं," ते म्हणाले. तोवर शहाबाज गावची एक नवी बाई ठरली होतीच, घरटी पाच रुपये कमी घेणारी.

जानेवारीत इंजिनिअर आला. पुंड्यांनी त्याला सांगितलं, नाणं मिळालं नाही. जहाज ज्याच्या खिशातून आलं होतं त्याच्याच खिशातून जर्मनीला परत गेलं.

आता बेरीज. धर्मराजशेठनी एक नाणं दिलं आणि बारा घेतली. गोटीरामला दोन पेले पाणी मिळालं. सोनाराला बारा रुपये. पुंड्यांनी दहा वर्षांचा छंद भरला आणि वर जिन्यात पाऊल वाजलं की दचकायची सवय लागली, ती अजून आहे. सरोजिनीबाईंच्या देवघरात खंडोबा आला, चाळीस रुपयांचा. त्याला भंडाराही आता पुंडेच वाहतात, कारण भंडाऱ्याच्या वाटीला बाई हात लावत नाहीत. आम्ही दारं अर्धी उघडून उभे होतो, आम्हाला घरटी महिना पाच रुपये वाचले. किसनची बोट शनिवारी संध्याकाळी नीट परत आली. सखूची पाच घरं गेली, म्हणजे महिन्याचे शंभर रुपये, आणि बेलापूरच्या बाजारात मासळी घेऊन बसायला जागा मिळेपर्यंत चार महिने हा तोटा तिने एकटीने भरला.